अग्निकीड

"दाबा! हात दाबा! कीड बाहेर येतेय!"

चौघांनी अभिरामला लोखंडी टेबलावर उताणा दाबून धरला होता. पाचवा छातीवर बसला होता. जयेंद्रगंजातल्या त्या ग्रिलच्या कारखान्यापुढे अर्धी गल्ली लोटली होती. अंजनबाबांनी त्याच्या उजव्या डोळ्यात काळ्या अंजनाची पूड कोंबली तसा अभिराम गुरासारखा ओरडला. पाचेक मिनिटं मंत्र पुटपुटून बाबांनी डोळ्यातून पांढरे, बुळबुळीत तीन किडे काढून दाखवले.

"देखो! ही ठिणगीतून शिरलेली अग्निकीड! चष्मा लावाल तर आतच कोंडेल आणि मेंदू खाईल!"

"जय हो!" मालक संग्रामसिंह सगळ्यांच्या आधी ओरडले. का नाही ओरडणार? कामगारांना चष्मे घेऊन द्यायची कटकट परस्पर मिटत होती.

अभिरामची धाकटी बहीण तन्वी गर्दीतून वाट काढत आत घुसली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. परवा ग्राइंडरवरून उडालेली लोखंडाची कपची भावाच्या डोळ्यात घुसली होती आणि हा शहाणा दोन दिवस बाबांचीच वाट बघत बसला होता. वेल्डिंगने डोळे जळले तेव्हा बाबांनी दोनदा बरं केलं होतं, मग आता बहिणीचं कोण ऐकतो? डोळा सुजून मिटायला आला होता. तो जाणार, हे तन्वीला स्पष्ट दिसत होतं.

"सोडा त्याला! दादा, हॉस्पिटल चल, अभी के अभी!"

अंजनातले काळे दाणे तिच्या नजरेतून सुटले नव्हते; तिने बाबांची डबी हिसकावली. बाबांच्या चेल्याने फाडकन तिच्या तोंडात ठेवून दिली. ओठ फुटला, रक्त हनुवटीवर आलं, पण पठ्ठीने डबी सोडली नाही. पाण्याच्या ग्लासात पूड ओतून तिने तो उंच धरला.

"ह्या पाण्यात कुठली ठिणगी शिरलीय? बघा आता!"

काजळी खाली बसली. आतले काळे दाणे हळूहळू फुगले आणि प्रत्येकाभोवती पांढरा, बुळबुळीत थर चढला.

"अरे, ये तो फालूदेवाला सब्जा है!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

मग काय विचारता! बाबांवर चपला, बुक्के, लोखंडी पट्ट्या बरसल्या. चेल्याचे दोन दात पडले. पहिली लाथ संग्रामसिंहांनीच घातली, हे सांगायला नकोच.

"मारू नका! त्याला पोलिसांकडे द्या!" तन्वी किंचाळली. "आधी गाडी काढा!"

हॉस्पिटलात डॉक्टरांनी कपची काढली. नजर मात्र परत येणार नव्हती.

"पहिल्याच दिवशी यायचं होतं," डॉक्टर म्हणाल्या.

"पण आधी दोनदा बाबांनीच बरं केलं होतं ना..." अभिराम म्हणाला.

"वेल्डिंगच्या उजेडाने पोळलेला डोळा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो. बाबा नसते तरी झाला असता."

"म्हणजे दोन्ही वेळा मी आपला आपणच बरा झालो?"

"हो. पण लोखंड आपोआप निघत नाही."

मंडळी, वेल्डिंगला काळ्या काचेचा मुखवटा लावा, ग्राइंडरला चष्मा लावा, आणि तो मालकाकडून भांडून घ्या. डोळ्यात काही घुसलं तर चोळू नका, त्यात काही घालू नका, तडक डॉक्टरांकडे जा. अभिरामला आता एकच डोळा उरलाय, आणि महिन्याभराने त्याला त्याच ग्राइंडरवर उभं राहायचं आहे.