राबाच्या धुरावरून पहिलं उड्डाण

मित्रांनो, पळसदरीच्या धरणावर संथ घिरट्या घालणारी मी एक म्हातारी घार आहे. कोंबडीची पिल्लं पळवते म्हणून तुमच्या आया मला शिव्या घालतात. घालू द्या, त्यांचं काही चुकत नाही. पण आज मी माझ्या पिल्लाविषयी सांगणार आहे.

माझा जन्म मुंबईचा, विमानतळाजवळच्या एका नारळावर. पंख फुटेपर्यंत घरट्यात बसून मी विमानंच पाहिली. विमानाचे पंख ताठ. म्हणून त्यांच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या बसवलेल्या असतात. एका पंखाची पट्टी वर आणि दुसऱ्याची खाली झाली, की विमान एका कुशीवर कलतं आणि वळतं. शेपटीवरची उभी पट्टी नाक डावीउजवीकडे नेते, आडव्या पट्ट्या ते वरखाली करतात. मला हे सारं अंगातच मिळालं आहे. मी पंख जरासे पिळते, दुबेळकी शेपूट तिरकी करते, की वळलेच. उतरताना मात्र विमानाची आणि माझी कसोटी एकच: वेग कमी करायचा, पण खाली आदळायचं नाही. विमान पंखांमागच्या रुंद झडपा सोडतं. मी छाती वर उचलते, शेपूट पसरते आणि पंखाच्या अंगठ्यावरचं इवलं पीस उभं करते. ते पीस विसरलं, की तोंडावर आपटायचं.

पुढे तिथे पक्ष्यांना हाकलायला बार उडू लागले, तशी मी डोंगराच्या कडेकडेने इकडे आले आणि सखारामच्या शेताच्या बांधावरच्या आंब्यावर घरटं केलं. त्या उन्हाळ्यात एकच पिल्लू जगलं होतं. ते फांदीवरून फांदीवर उड्या मारी. पण हवेत अजून उतरलं नव्हतं.

भाताचं बी पेरण्याआधी इथले लोक वाफ्यावर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. राब वाऱ्याच्या खालच्या अंगाने पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत दबकत सरकते आणि आवरता येते. सखारामला हे ठाऊक नव्हतं का? पण त्याला साजगावच्या कारखान्यातली दुपारपाळी गाठायची होती.

"सख्या, त्या अंगानं नको रं! वारा पाठीशी हाय," त्याची आई सोनाबाई ओरडली.

"आये, गाडी जाईल माजी. झटक्यात जळंल."

"झटक्यात तूच जळशील!"

तोवर काडी पडली होती. आग पळत सुटली. बांध ओलांडून आंब्याखालच्या सुक्या गवतात शिरली. घरटं धुराने भरलं.

मित्रांनो, मला उंदीर उचलता येतो, साप उचलता येतो. माझं पिल्लू मात्र उचलता येत नाही. मी फक्त हाक मारू शकत होते. मी हाक मारत राहिले.

त्याने उडी घेतली. आगीवरच्या तापल्या हवेने त्याला वर भिरकावलं. एक पंख कलला. घाबरून ते दोन्ही पंख जोरजोरात मारू लागलं, तसं आणखीच फिरू लागलं. मी त्याच्या पुढे गेले आणि त्याला दिसेल अशी शेपूट सावकाश तिरकी केली. पुन्हा केली. त्याची शेपूट थरथरली... आणि वळली. ते सावरलं.

पण धुरापलीकडे गार हवा होती. आधार सुटला आणि जमीन अंगावर येऊ लागली. मी त्याच्यापुढे ढेकळांत उतरून दाखवलं. त्याने छाती उचलली, पण शेपूट पसरायची राहिली. कोलांटी खाऊन ते पोटावर पडलं.

ओल्या फांद्यांनी झोडपून आग नुकतीच विझवलेल्या सखारामने ते पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"माज्यामुळं झालं हे. आवडे, कोंबड्या झाकायचं डालगं आण गं! घरी नेऊन भातपानी देऊ बिचाऱ्याला."

डालग्याखाली पिसं मोडली असती, आणि घरात त्याला हवेतलं कुणी काय शिकवणार होतं? तो वाकला. मी झेप घेतली आणि त्याची टोपी उडवली.

"आयला, डोकं फोडतीय ही!"

"टोपीच गेली ना? डोकं असतं तर राब असा पेटवला असतास?" सोनाबाई म्हणाली.

सखारामची बायको आवडी बांधावर उभी होती, कडेवर लेकरू. ती डालगं आणायला हलली नाही. माझ्याकडेच बघत होती.

"अवो, त्याची आय हाय ती. ते पडलं नाय, उतरलंय."

"उतरलंय? तोंडावर?"

"आपला बाबू चालाय लागला तवा कसा पडायचा? तवा त्याला डालग्याखाली घातला व्हता का तुमी?"

सखाराम मागे सरला. पिल्लाकडे झेपावणाऱ्या घरच्या कुत्र्याला सोनाबाईने मानेला धरून मागे ओढलं. सगळे बांधावर जाऊन थांबले.

पिल्लू वाऱ्याला पाठ करून धडपडत होतं. पंख मारी, ढेकळांत चोच घाशी. विमानंसुद्धा वाऱ्याकडे तोंड करून धावतात, तेव्हा कुठे पंखांना उचल मिळते. पण हे मी त्याला कसं सांगणार? कुत्रं गुरगुरलं. पिल्लू दचकून गर्रकन फिरलं, आणि वारा समोरून त्याच्या पंखांखाली शिरला. ते उचललं गेलं. पलीकडच्या ऐनाच्या झाडावर पोहोचताना त्याने छाती उचलली, शेपूट पूर्ण पसरली. फांदी झुलली, ते टिकलं.

सखारामची गाडी केव्हाच गेली होती. तो टोपी झटकत ऐनाकडे बघत बसला.

मित्रांनो, जमिनीवर पिल्लू दिसलं तर कळवळून लगेच हात घालू नका. रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, तर मोठ्या माणसांना बोलवा. नाहीतर कुत्र्यामांजराला दूर ठेवा आणि तुम्हीही दूर व्हा. आम्ही आया जवळच असतो. जीव तुमच्या आईसारखाच टांगणीला लागलेला असतो; पण वारा पिल्लाला त्याचा त्यालाच सापडावा लागतो.