जुळ्या डिस्क

घरात चिडीचूप होतं, आणि त्यात पेल्यावर चमचा वाजला. टिण् टिण्. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेल्यापासून नवऱ्याची हाक म्हणजे एवढीच. कपड्यांच्या घड्या तशाच टाकून ती बाहेरच्या खोलीत आली. तो रेडिओकडे बोट दाखवत होता. गोष्टीची वेळ झाली होती आणि रेडिओ मुका होता. लेक, लाडाची ठकी, त्याच्या मांडीवर कान टवकारून बसली होती.

रोज संध्याकाळी हीच बैठक. रेडिओतला बाबा पूर्वी रेकॉर्ड केलेली गोष्ट सांगायचा आणि ज्याच्या मांडीवर ठकी बसायची तो बाबा त्याबरहुकूम ओठ हलवायचा, राक्षस आला की डोळे वटारायचा. ठकी दोघांना एकच धरून चालायची. पाळण्यात असल्यापासून ऐकलेला तो आवाज तिला आता तेवढाच मिळत होता.

रेडिओ स्टेशन दोन गल्ल्या पलीकडे, एका दुकानाच्या माडीवर. तिथली यंत्रं सांभाळायची नोकरी तिचीच, त्यामुळे पायात चपला अडकवून ती धावली. एव्हाना निवेदिका माइकपुढे सुचेल ते बोलून वेळ मारून नेत होती. आतल्या कोठीत कॉम्प्युटर टक टक करत होता. ती पोचली आणि तेही थांबलं.

त्यात दोन डिस्क होत्या, जुळ्या; गाणी, गोष्टी, सगळं त्यांच्यावरच. एकीवर उमटेल ते दुसरीवर उमटायचं. एक गेली तर दुसरीने गाडा ओढायचा आणि यंत्राने ठणाणा करायचा, की बाबांनो, मेलेली बदला. तसा तो उन्हाळ्यात केलाही होता. पण कोठी आणि स्टुडिओ यांच्यात नुसती प्लायवूडची भिंत. ती पिपाणी थेट कार्यक्रमात वाजू लागली आणि लोक फोन करकरून विचारू लागले, तुमच्याकडे काय बोंबलतंय. साहेब म्हणाले, आधी त्याचं थोबाड बंद करा. तिने केलं. नवी डिस्क मागवली, ती आलीही. पण त्याच आठवड्यात नवऱ्याचं ऑपरेशन ठरलं आणि डिस्क खोक्यातच राहिली. यंत्र मुकाट चालत राहिलं. मुकाट चालणाऱ्याकडे कोण बघतं?

बाहेरच्या डिस्कवर ती अधूनमधून प्रत काढायची. जागा कमी, म्हणून गाणी घेतली, जाहिराती घेतल्या, गोष्टी वगळल्या. त्या काय, जुळ्या डिस्कांवर दोन ठिकाणी आहेतच.

साहेब दारात येऊन उभे राहिले. "मी आवाज बंद करा म्हटलं होतं, ताई. डिस्क बदलू नका असं नव्हतं म्हटलं."

खरंच होतं. ती वायरी काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाला लावली, छाती तपासल्यासारखी, आणि मान हलवली. आतली तबकडी खरवडून निघाली होती. दुसरी तर कधीचीच गार. त्याने पैसेही मागितले नाहीत.

दुपारभर खपून तिने खोक्यातली आणि आणखी एक विकत आणलेली, अशी नवी जोडी बसवली, ठणाणा पुन्हा चालू केला, सगळ्याची तिसरी प्रत रोज घरी न्यायची असं ठरवलं. शिपाईमामा स्टुलावरून म्हणाले, "बैल गेला अन् झोपा केला, काय गं पोरी?" मग तिचं तोंड बघून वरमले आणि गुपचूप चहा आणून ठेवला.

घरी नवऱ्याने पाटीवर एकच शब्द लिहिला: सगळ्या?

तिने मान डोलावली. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने पाटी पुसली, बाजूला ठेवली आणि ठकीची सुटलेली वेणी घालायला घेतली. घातलेले पेड सोडत होता, पुन्हा घालत होता.

रेडिओवर निवेदिकेने गोष्ट सुरू केली. बरी सांगत होती बिचारी. ठकीने थोडा वेळ ऐकलं, मग मान वळवून बापाच्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं आणि आईकडे बघितलं.

"आई, बाबा आता कुठून बोलणार?"