अख्तरीबाईची सुई

अख्तरीबाईच्या लेकीचा, शाजियाचा निकाह झाला ते दोन हजार सहा साल. पाठवणीला महिना होत नाही तोच नवापूरकडे बर्ड फ्लू निघाल्याची बातमी टीव्हीवर आली, आणि वडशाकडच्या गावांत चिकनकडे कोणी बघेना.

सरकारनं पथक तयारच ठेवलं होतं. पांढरे झगे, तोंडाला फडकी. पण पथकाला वाट दाखवायला गावातला माणूस लागतो, आणि तो होता गुणवंतराव, पोल्ट्रीवाल्यांचा पुढारी. त्याच्या शेडातल्या कोंबड्या मानमोडीच्या रोगानं मेल्या होत्या. त्यानं त्या, घरच्या कोंबड्या विकून पोट भरणाऱ्या अख्तरीच्या खुराड्यामागच्या नालीत टाकल्या आणि बोट दाखवलं, "रोग इथी आहे, साहेब." अख्तरीच्या साऱ्या कोंबड्या माना पिरगाळून खड्ड्यात गेल्या. पुढे धंदेवाल्यांसाठी मदत आली, तीही गुणवंतरावानं शेडवाल्यांतच वाटून घेतली. भीती ओसरल्यावर लोक त्याच्याकडून चिकन नेऊ लागले, आणि अख्तरीच्या दारावरून नाकाला रुमाल लावून जाऊ लागले. तिचा नवरा मुश्ताक रिकाम्या खुराड्याकडे बघत खाटेला लागला.

खरं काय ते गुणवंतरावाच्या शेडातल्या गड्यानं, दसरूनं तिला सांगितलं होतं, पण चारचौघांत तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. अख्तरीला आता मदत नको होती. नाव धुऊन हवं होतं, तेही गुणवंतरावाच्याच तोंडून.

हिवाळ्यात जंगलात कोंबडबाजार भरला. झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला पातं बांधतात, त्यानं जिंकणाऱ्याचंही पोट फाटतं. फाटलेलं पोट शिवणारा हात त्या भागात एकच, अख्तरीचा. त्या दिवशी गुणवंतरावाचा लाल कोंबडा जिंकला. पथक फिरत होतं तेव्हा त्यानं हा सासुरवाडीला लपवला होता. रक्तानं न्हालेला कोंबडा घेऊन तो तिच्यापुढे आला.

"बाई, लवकर शिव. पोरापेक्षा जास्त जीव आहे माझा याच्यावर."

"शिवून देईन ना, भाऊ. पण रोगाच्या घरची सुई चालन का तुमाले?"

भोवतीचे लोक हसले.

"मस्करी नको करू. मरून राह्यला तो!"

"माझ्या कोंबड्या पिरगाळल्या तवा तुमचा जीव कुठी होता? नालीत कोणाच्या कोंबड्या होत्या, ते लोकाइले सांगा. मग बघतो."

गुणवंतरावानं इकडंतिकडं पाहिलं. कोंबड्याची मान लुळी पडत होती.

"माझ्या," तो पुटपुटला.

"ऐकू नाई आलं, भाऊ."

"माझ्या शेडातल्या होत्या! मीच टाकल्या! झालं समाधान? शिव आता!"

घोळक्यातून एक म्हातारा पुढं आला. "अन् आमाले त्याच शेडातलं खाऊ घातलं काय रे, हरामखोरा?"

अख्तरीनं सुईत ओवलेला दोरा दातानं तोडला, सुई पदराला खोवली आणि उठली.

"बाई! कबूल केलं ना मी!"

"हा पथकाच्या हातून सुटलेला कोंबडा आहे. सरकारचं काम अर्धं राह्यलं होतं, भाऊ."

गुणवंतरावानं दोन्ही हातांनी कोंबड्याचं पोट दाबून धरलं. कोणी त्याला घोटभर पाणीही आणून दिलं नाही.

घरी येऊन तिनं मुश्ताकला सारं सांगितलं. तो खोकत खोकत हसला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

कोंबडा त्याच संध्याकाळी मेला. मुश्ताक दोन हजार सातच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी वारला.