चातुर्मासात सोडलेली वस्तू

सीताबाई दूधवाल्याला धाकटा भाऊ समजून त्याच्या पोरांची चौकशी करत बसेपर्यंत कसबा बावड्यातल्या त्या घरात विसरण्याला कुणी आजार म्हणत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं आणता येत नाही, उरलेलं सांभाळायचं. साखर, तळण कमी. अक्रोड, जवस, डाळी, भाज्या रोज."

सून दीपानं त्याच दिवशी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चातुर्मासात जैन घरात पालेभाजी येत नाही, म्हणून भोपळा, दोडका, जवसाची चटणी आणि ज्या त्या दिवशी फोडलेले अक्रोड.

सीताबाईंनी ताट सरकवलं. "मला चालायचं न्हाय. नियम हाय माझा."

"कशाचा, आत्या?"

आत्यांनी ताट आणखी लांब ढकललं.

चातुर्मास बसताना मंदिरात महाराजांसमोर आवडीची एक वस्तू सोडायची, ही जैन घरांतली जुनी रीत. सीताबाईंनी सोडली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. वस्तू तेवढी निसटली होती. नियम मोडला तर पाप. तेव्हा संशय येईल ते सगळंच त्यांनी सोडलं. आधी अक्रोड, मग चटणी, मग भोपळा. राहता राहिला दूधभात.

"मामा, मंदिरात तुम्ही तर शेजारीच बसला होता," दीपा सासऱ्यांना म्हणाली.

"माझा डोळा लागलावता," महावीरअण्णा म्हणाले.

डोळा अजिबात लागला नव्हता. बायकोनं चहा सोडलेला त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण दुसऱ्या दिवशी सवयीनं त्यांच्या हातून दोन कप झाले, आणि तिनं सवयीनं घेतला. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्या कपासोबत सीताबाई जुन्या सीताबाई व्हायच्या. कुणाची सोयरीक का मोडली, बांधावरचं भांडण कुणी उकरलं, सगळं तोंडपाठ. अण्णांनी सांगणं उद्यावर टाकलं. त्यांचा उद्या काही उजाडेना.

मग एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायला बसताना, बायकोच्या बांगड्या घसरत पार कोपरापर्यंत गेलेल्या त्यांनी पाहिल्या.

"अगं, च्या सोडलावतास तू. बाकी सगळं चालतंय तुला."

"च्या? मग रोज सकाळी पाजतंय कोण?"

"मी."

"आगं बया! डोळा लागलावता व्हय? माझ्याच तोंडानं माझा नियम मोडवलासा! आमचा बाप बघायच्या कार्यक्रमातच म्हणलावता, पोरगं गोड बोलतंय, पण कामाचं तेवढं लपवतंय!"

अण्णांनी मान खाली घातली. सासरे अगदी हेच म्हणाले होते, शब्दाचाही फरक नव्हता. आणि बोलता बोलता सीताबाईंनी भोपळा संपवला, चटणी पुसून खाल्ली, अक्रोड दातांखाली असा फोडला की जणू नवऱ्याचं टाळकंच.

"वाढ गं दीपा आणखी. आणि उद्यापास्नं ह्यांचा बी च्या बंद!"

सकाळी सीताबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "च्या ठेवा की."

"तू सोडलायस."

"मी? मग रोज पाजतंय कोण?"

आजपासून कुणीच पाजत नव्हतं; तसं सांगितलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. महावीरअण्णांनी अक्रोडांची वाटी तिच्यापुढं सरकवली.

"मी," ते म्हणाले, आणि कालची बोलणी पुन्हा खायला समोर नीट मांडी घालून बसले.