तीन उन्हांचं माप

मी पायली बोलतेय. चार शेरांची, पत्र्याची, काठाला तार वळवलेली. हल्ली मला पाहून लोक विचारतात, हा डबा कसला? डबा नाही हो, माप आहे मी. म्हणजे होते.

माझा पत्रा पोर्तुगिजांच्या बुडालेल्या गलबताचा, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. गलबतं लाकडाची असतात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. खरं म्हणजे गोडेतेलाचा रिकामा डबा कापून रत्नागिरीतल्या एका पत्रेवाल्याने मला ठोकलं. त्याला पन्नासेक वर्षं झाली. किलो-लिटरचा कायदा त्याआधीच आलेला. म्हणजे मी जन्मले तीच बेकायदा. पण जन्मल्या जन्मल्या तसं कोण सांगतं?

मला करवून घेतलं गंगाबाईने. बंदराजवळ राहायची, सुकी मासळी विकायची. म्हातारपणी तिने सुनेला, ठमाबाईला, दोन गोष्टी दिल्या. एक मी, आणि दुसरा नियम: जवळ्याला तीन उन्हं द्यायची. जवळा म्हणजे ती नखाएवढी बारीक कोलंबी. पहिल्या उन्हात ती मरगळते, दुसऱ्यात वाळल्यासारखी दिसते, तिसऱ्यात खरी वाळते. दुसऱ्या उन्हाला उचलली तर दिसायला फरक नाही. महिन्याभराने डब्याचं झाकण उघडलं की कळतो.

आता यात माझं काम काय? कडक वाळलेला जवळा माझ्यात फुलून बसतो, चटकन काठाला येतो. ओलसर असेल तर दबतो, चिकटतो, आणखी चार मुठी गिळतो. म्हणजे कमी वाळवणारीचाच तोटा. मी कुणाला शिकवायला गेले नाही, नुसती रिकामी असायचे. तेवढ्यावर बाजारातली सुकट विकणाऱ्या बायांची अख्खी रांग तीन उन्हं देत होती.

माझ्या पोटातून गेलेला जवळा एकापुढे एक मांडला तर आरे-वारेपासून केळशीपर्यंत जाऊन परत येईल. खोटं वाटत असेल तर मांडा.

येसूबाई आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पावसाळ्याची बेगमी एकदम करायच्या.

"ठमाबाय, शीग नीट घाल गो. डोंगर दिसू दे."

"डोंगर कशाला बाई, घाट घालते. जाताना गाडी लागली तर माझ्या नावाने बोलू नका."

मग ठमाबाई काठाच्या वर जवळ्याची शीग उभी करायची, आणि पिशवीत ओतून झाल्यावर वरून एक मूठ. ती मूठ कुठल्याच मापात नव्हती.

दोन वर्षांपूर्वी बाजारात वजनमापांचे साहेब आले. पायल्या, शेर, मापटी बंद. शिक्का मारलेला काटा ठेवा, किलोने विका. तेव्हा ठमाबाई माझ्यावर बसली. अर्धा तास. साहेब माहिती देत होते आणि ती मान डोलावत होती. मी तिच्याखाली होते. मला काही वाटलं नाही.

काटा आला. त्याच आठवड्यात समोर रितेशने दुकान टाकलं. त्याचा जवळा दोन उन्हांचा. काट्यावर ओलावाही भरतो, त्यामुळे त्याला भाव कमी ठेवणं परवडायचं. ठमाबाईचा जवळा तिसऱ्या उन्हात हलका झालेला, म्हणून किलोला महाग.

येसूबाई दोन्हीकडे बघून आल्या. "तुझा महाग झाला गो."

"बाई, त्याच्यात पाणी हाय."

"काट्यावर दोघांचा किलो तो किलोच ना?"

ठमाबाईने काटा पुढे ओढला. येसूबाईंनी पाव किलो घेतला, भीड म्हणून.

मग रांगेतल्या अकरा जणी पायली चालू द्या म्हणून अर्ज घेऊन वजनमापांच्या ऑफिसात गेल्या. आणि त्यांनी काय करावं? पुरावा म्हणून मला बरोबर नेलं! ज्या मापावर बंदी, तेच फडक्यात बांधून साहेबांच्या टेबलावर. चोराने शिडी घेऊन चौकीत जावं तसं.

ठमाबाईने मला आधी तीन उन्हांच्या जवळ्याने भरलं, साहेबांच्याच काट्यावर ओतलं. मग दोन उन्हांच्या जवळ्याने. दुसऱ्या खेपेला आकडा बराच वर गेला.

"बघा साहेब. ह्यो वरचा आकडा म्हंजे पाणी. लोक पाणी इकत घेतायत."

कारकून म्हणाला, "मावशी, ही पायली संग्रहालयात द्या."

"तुला ठेवतील तिथं. पोट बघ, चार पायल्यांचं हाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही ढीग बोटांनी चाचपून पाहिले. म्हणाले, "तुमचं खरं आहे, मावशी. पण काटा वजन सांगतो, ऊन सांगत नाही. आणि कायद्यात पायली नाही."

मला जप्त करायचं होतं. ठमाबाई म्हणाली, सासूची आठवण हाय. साहेबांनी बराच विचार केला आणि शिपायाकडून माझ्या तळाला खिळ्याने तीन भोकं पाडून मला परत दिलं. माणूस वाईट नव्हता. तोफेचा गोळा आरपार गेला असं मी पुढे सांगत असे. खिळाच होता. दुखलं नाही.

त्या वर्षी ठमाबाईने तरीही तीन उन्हं दिली. अर्धा माल घरी परत आला. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

यंदा एप्रिलात, दुसऱ्या उन्हाच्या संध्याकाळी, ती वाळवणाच्या खळ्यात आली आणि जवळा गोळा करू लागली. सून दिशा म्हणाली, "आये, अजून एक ऊन राह्यलं."

"ऱ्हाऊ दे."

एवढंच. आभाळात ढग नव्हता.

भाव उतरला, माल खपला. येसूबाई परत आल्या, दोन किलो घेऊन गेल्या. म्हणाल्या, "आता कशी वळणावर आलीस." ठमाबाई हसली नाही, आणि वरची मूठही घातली नाही. जुलैत येसूबाईंनी डबा उघडला असेल. आम्हांला कळलं नाही. त्यानंतर त्या बाजारात दिसल्या, पण आमच्या रांगेत आल्या नाहीत.

माझ्यात आता माती आहे. दिशाने अबोली लावलीय. भोकांतून पाणी बरं निथळतं म्हणते. काठापर्यंत भरलेली आहे मी, पण कुणी मोजत नाही. मुळं आत हात फिरवतात. फिरवू देत.

माझं म्हणणं, किलो असू दे. त्याच्याशी माझं भांडण उरलेलं नाही. फक्त सुकट घेताना भाव नंतर विचारा. आधी विचारा, किती उन्हं दिली?

ठमाबाईला मात्र नका विचारू. ती खरं सांगेल.