मार्तंड सरांची कॉपी

भोकरदनच्या शाळेत मार्तंड सरांनी तीस वर्षं कॉप्या पकडल्या. मोज्यातल्या, टोपीतल्या, पट्टीच्या पाठीवर कोरलेल्या. त्यामुळे २००१ साली ते स्वतःच नापास झाले, तेव्हा ही बातमी उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, अशी ताकीद त्यांनी बायकोला, प्रेमलाबाईंना देऊन ठेवली.

परीक्षा घेतली होती औरंगाबादच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी. सरांना कंपवात जडून चार वर्षं झाली होती. हात थरथरायचा, त्याचं काही नाही. पण आता दूध तापत ठेवून पेपर उघडला, की दोन्हींतलं एकच ध्यानात राहायचं. दूध कधीच राहायचं नाही. बाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले. सर ऑगस्टपाशी अडकले आणि दोन शब्दांवर थांबले.

"कंपवातात काहींची विचाराची चाल थोडी मंदावते," बाई म्हणाल्या. "वेड नाही हे. सहा महिन्यांनी परत बघू."

सरांनी फक्त 'परत' ऐकलं. सहा महिने घड्याळं काढली, महिने घोकले, ते पाच शब्द तर झोपेतही सांगितले असते.

पण बाईंनी या खेपेला शब्दच बदलले. "कुलूप, नदी, कोथिंबीर, आरसा, बैल. लक्षात ठेवा हं," म्हणून त्या रक्तदाबाचं यंत्र घ्यायला पाठमोऱ्या झाल्या. सरांनी जल्दी खिशातलं पेन काढलं आणि पाचही शब्द शर्टाच्या बाहीवर उतरवले.

"अहो, काय करून राह्यले?" शेजारी बसलेल्या प्रेमलाबाई कुजबुजल्या.

"चूप!"

घड्याळ झकास आलं. महिने धडाधड झाले. मग शब्दांची पाळी. सरांनी बाही हळूच वळवली आणि डोळ्यांजवळ नेली. या दुखण्यात अक्षर बारीक होत जातं. बाहीवर नुसती मुंग्यांची रांग दिसत होती.

"कुलूप," सर म्हणाले. पुढचं काही आठवेना.

प्रेमलाबाईंना राहवेना. त्यांनी तळहातासमोर टिकली नीट केली. सर म्हणाले, "आरसा!" कपाळावर दोन बोटं उभारली. "बैल!" हवेत पातेल्यावर पानं चुरली. "कोथिंबीर!" मग त्यांनी हात नागमोडी फिरवला.

"साप," सर ठामपणे म्हणाले.

"साप नव्हता सर," कागदावरून मान वर न करता बाई म्हणाल्या. "मावशींची नदी जरा जास्तच वळली. बाही दाखवा."

सरांनी निमूटपणे हात पुढे केला. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. हसल्याच.

"खूण केली की आठवतंय तुम्हाला. म्हणजे माल आत आहे, काढायला वेळ लागतो. मग घरी बिनधास्त कॉपी करा. मोठ्या अक्षरात लिहा, एका वेळी एकच काम. आणि इथं मात्र करू नका, नाहीतर मला खरं कळणार कसं?"

परतीच्या बसमध्ये सर सिल्लोडपर्यंत बाहीवरची शाई चोळत बसले. मग खिडकीकडे बघतच म्हणाले, "मला भीती वाटली प्रेमला. हळूहळू सगळंच जाईल आणि तू मला सांगणार न्हाईस."

"सांगंन ना. तोंडावर सांगंन. आजवर कधी सोडलं का तुम्हाला?"

हे मात्र बराबर होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काळा फळा लागला. 'आठ वाजता गोळी.' 'दूध: गॅसपाशीच उभं राहणे.' सर एकेक काम करत आणि पुढे खडूनं बरोबरची खूण ओढत. दूध उतू जाणं कमी झालं. बंद मात्र झालं नाही. आठवड्यानं प्रेमलाबाईंनी खाली हळूच भर घातली: 'लसूण सोलणे.' 'चहाला नावं न ठेवणे.'

सरांनी लसूण सोलला. दुसरी ओळ पुसली आणि तिथं हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चहा पाणचट आहे.' पुढे दोनदा बरोबरची खूण केली.