लवकर पुरलेली आई

सेरवाचा जन्म लंडनमधल्या टॉटनहॅमचा, शाळा टॉटनहॅमची, शिव्यासुद्धा टॉटनहॅमच्याच. आई घानाहून आलेली, म्हणून नागरिकत्व तेवढं नव्हतं. ते मिळवायला अर्ज करायचा, आणि अर्जाची फी अशी की ऐकून माणसाने मटकन खालीच बसावं. तिची आई कोनाडू वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालून पैसे साठवायची. भिशी लागली, पैसे हातात आले, तोवर सरकारने फी वाढवली. पुन्हा साठवले, पुन्हा वाढली. यंदा सप्टेंबरात पोरीला नर्सिंगला जायचं होतं आणि नागरिकत्व नसेल तर शिक्षणाचं कर्ज मिळणार नव्हतं. पोरगी हुशार होती. पण हुशारी बघून फी माफ करणारं सरकार अजून जन्माला यायचंय.

शेवटी चर्चमधल्या बायकांकडे कोनाडूने तोंड उघडलं, तर दुफीमावशी म्हणाली, "अगं, अर्जासाठी कुठे वर्गणी काढतात? सगळ्यांच्याच घरी अर्ज पडलेत. कुणी मेलं-बिलं असतं तर गोष्ट वेगळी."

हे मात्र खरं होतं. मयताला घानाचा माणूस हात आखडता घेत नाही. काळे-तांबडे कपडे घालून सगळे जमतात, देणाऱ्याचं नाव आणि आकडा माइकवरून पुकारतात. आपलं नाव पुकारणार म्हटल्यावर कंजूषसुद्धा कर्ण होतो.

पुढच्या रविवारी कोनाडू काळं नेसून चर्चमध्ये गेली. "माझी आई गेली," म्हणाली आणि रडली. रडू तेवढं खरं होतं.

"अरेरे! कुठल्या शीतगृहात ठेवलंय?" दुफीमावशीने विचारलं. गावाकडे मयत थंडाव्यात ठेवतात, परदेशातली लेकरं येईपर्यंत, पैसे जमेपर्यंत, कधीकधी सहा-सहा महिने. "पुढच्या महिन्यात मी गावी, कुमासीला चाललेच आहे. दफनाला तुझ्या वतीने मी उभी राहते."

कोनाडूची पाचावर धारण बसली. "पुरलंसुद्धा, मावशी."

"पुरलं? इतक्यात? आई होती की कोंबडी?"

"तिचीच तशी इच्छा होती."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं, पण दिलं सगळ्यांनी. सेरवाला सगळं ठाऊक होतं. काळा रुमाल बांधून ती आईशेजारी मान खाली घालून उभी राहिली. त्याच आठवड्यात अर्ज गेला.

महिन्याभराने गावाहून फोन आला. आईचा.

"कोनाडू, मी मेले म्हणे?"

कोनाडू आश्रमाच्या जिन्यावरच बसली.

"तुझी ती दुफी कुमासीला आलीय ना, तिचा फोन आला होता सांत्वनाला. मी म्हटलं, मी मयताची बहीण बोलतेय. मग दोघी मिळून माझ्यासाठी रडलो. बाई रडते छान हो. बरं, किती जमले?"

"पुरले, आई."

"सेरवाचं काम होईल?"

"होईल."

"मग झालं तर. जिवंतपणी मी तिला काय देणार होते, दोन कोंबड्या?" म्हातारी हसली. मग आवाज उतरला. "पण पोरी, खरंच मेले की काय करशील?"

"असं बोलू नकोस," कोनाडू म्हणाली.

ऑगस्टात सेरवाच्या नागरिकत्वाचा कागद आला. नोव्हेंबरात म्हातारी गेली.

"शीतगृहात ठेवलीय," थोरला भाऊ आम्पोन्सा फोनवर म्हणाला. "तू कधी येतेस सांग, तशी दफनाची तारीख धरू."

त्या रविवारी कोनाडू नुसतं 'शीतगृहात आहे' म्हणाली असती, तर आज सगळ्यांना सांगून आईला पुरायला जाता आलं असतं. आता मयताचं पोस्टर दफनाआधीच टॉटनहॅममधल्या सगळ्यांच्या फोनवर पोचणार. त्यावर मुलांची नावं असणार, कुठल्या देशात असतात तेही असणार.

"दादा, मी येत नाही. पोस्टरवर माझं नाव घालू नकोस."

आईने त्याला सगळं सांगितलं होतं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "तू तिला कधीच पुरलंस." आणि फोन ठेवला.

रविवारी तिचे सुजलेले डोळे बघून दुफीमावशीने तिला जवळ घेतलं. "अगं, सहा महिने होऊन गेले की. किती रडशील? पुरे आता." कोनाडूने मान डोलावली. त्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडावंसं तिला वाटलं, पण रडली नाही.

पोस्टर आलं तेव्हा ती सेरवाच्या नर्सिंगच्या गणवेशाला इस्त्री करत होती. सेरवाने आईचा फोन उचलून वाचायला सुरुवात केली. आजीचा फोटो, वय, दफनाची जागा. मग मुलं.

"आम्पोन्सा. बोआतेमा, इटली. ओवुसू." बोटाने तिने पोस्टर वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर. "आई, आजीला मुलं किती गं?"

कोनाडूने बाही उलटी केली आणि इस्त्री फिरवली.

"तीन," ती म्हणाली.